स्टोरीवीव्हरच्या मराठी गोष्टी आणि तिसरी-चौथीचे वाचनगट: काय मिळतं, काय आपल्याला करावं लागतं

तिसरी-चौथीच्या वर्गात वाचनाचे गट पाडायचं ठरवलं की पहिली अडचण येते मजकुराची. पाठ्यपुस्तक सगळ्यांना एकच. वर्गात मात्र कुणी अजून काना-मात्रा जुळवत असतं, तर कुणी मधल्या सुट्टीत आख्खं पुस्तक संपवतं. चार गटांना चार पायऱ्यांचा मजकूर, त्याच्याही तीन-तीन प्रती, एवढा साठा शाळेच्या कपाटात सहसा नसतो. प्रथम बुक्स या ना-नफा प्रकाशनसंस्थेने सप्टेंबर २०१५मध्ये सुरू केलेलं स्टोरीवीव्हर हे संकेतस्थळ ही अडचण बऱ्याच अंशी सोडवतं, आणि त्यासाठी एक रुपया मागत नाही. मराठी प्राथमिक शिक्षकाला आज फुकट मिळणाऱ्या वाचनसाहित्यात याच्या तोडीचं फार थोडं आहे. तरीही तिथल्या पातळ्या पाहून त्यावरच मुलांचे गट पाडले, तर काही मुलांवर वर्षभर अन्याय होतो. तो कसा होतो आणि कसा टाळायचा, यावर या परीक्षणाचा भर आहे.

आधी सेवेबद्दल. भाषा, पातळी आणि विषय निवडून गोष्टी शोधता येतात, पडद्यावर वाचता येतात, पीडीएफ उतरवून घेता येते. गोष्टी क्रिएटिव्ह कॉमन्सच्या 'सीसी बाय ४.०' परवान्याखाली आहेत. त्यामुळे छापणं, झेरॉक्स काढणं, भाषांतर करणं, मजकूर सोपा करणं, सगळ्याला मुभा आहे. अट एवढीच, की लेखक, चित्रकार, अनुवादक आणि प्रकाशक यांची नावं राहिली पाहिजेत. कागद वाचवायला बरेच जण शेवटचं श्रेयाचं पान गाळतात. ते गाळू नये. मुलांनाही पुस्तक कुणी लिहिलं, चित्रं कुणी काढली हे वाचायची सवय त्यातूनच लागते. करोनाकाळात महाराष्ट्रातल्या अनेक घरांपर्यंत 'गोष्टींचा शनिवार' या उपक्रमातून याच संग्रहातल्या गोष्टी पोचल्या होत्या, त्यामुळे हे नाव बऱ्याच शिक्षकांच्या ओळखीचं असेल.

पातळ्या चार आहेत. पहिल्या पातळीची गोष्ट २५० शब्दांपर्यंत, दुसरीची ६०० पर्यंत, तिसरीची १५०० पर्यंत आणि चौथीची त्याहून मोठी. शब्दांचा सोपेपणा, वाक्याची लांबी, पुनरावृत्ती यांचाही विचार त्यात आहे. पण पातळी बहुतेकदा मूळ गोष्टीवरून ठरते, आणि मराठीतल्या बऱ्याच गोष्टी इंग्रजी, हिंदी किंवा दुसऱ्या भारतीय भाषेतून आलेल्या आहेत. खरी मेख इथे आहे. मूळ भाषेत तीन अक्षरांचा असलेला शब्द मराठीत 'स्वयंपाकघरातल्या' होतो. मोजताना तो एकच शब्द, पण जोडाक्षर, अनुस्वार आणि प्रत्यय असं तिहेरी ओझं घेऊन येतो. 'प्रत्येक', 'आश्चर्य', 'पुन्हा', 'दुसऱ्या' हे शब्द पहिल्या पातळीतही भेटतात. रफार आणि 'ऱ्या' ज्याला अजून पक्के नाहीत तो मुलगा तिथेच थांबतो, आणि आपण म्हणतो याला पहिली पातळीही येत नाही.

म्हणून गोष्ट छापण्याआधी दोन मिनिटांची तपासणी करावी. पहिली तीन पानं मोठ्याने वाचा. आपलीच जीभ अडखळली, वाक्य परक्या वळणाचं वाटलं, तर ती गोष्ट बाजूला ठेवा. मग त्याच तीन पानांवरची जोडाक्षरं मोजा. नुकतेच शब्द वाचायला लागलेल्या मुलांसाठी पानाला एक, फार तर दोन. याहून जास्त असतील तर गोष्ट चांगली असली तरी ती तुम्ही वाचून दाखवायची आहे, मुलांनी वाचायची नव्हे. अनुवादाचा दर्जा सारखा नाही. हे खुलं व्यासपीठ आहे, प्रकाशनसंस्थांबरोबर स्वयंसेवकही भाषांतरं करतात, त्यामुळे उत्तम मराठीशेजारी ओबडधोबड मराठीही सापडते. प्रकाशकाचं नाव बघावं आणि तरीही वाचून खात्री करावी. गोष्ट आवडली पण जड आहे, असं झालं तर संकेतस्थळावरच तिची सोपी आवृत्ती बनवायची सोय आहे. 'त्याला खूप आश्चर्य वाटलं' याऐवजी 'तो बघतच राहिला' केलं की नुकतेच शब्द वाचायला लागलेली मुलं तीच गोष्ट वाचू शकतात. ही सोय सर्वांत कमी वापरली जाते आणि खरं तर सर्वांत मोलाची आहे.

अक्षरांच्या वळणाकडेही लक्ष द्या. महाराष्ट्र शासनाच्या २००९च्या निर्णयानुसार देठयुक्त 'श' आणि पाकळीयुक्त 'ल' ही मराठीची वळणं ठरली आहेत, पाठ्यपुस्तकातून मुलं तीच शिकतात. पडद्यावरच्या किंवा छापलेल्या मजकुरात हिंदी वळणाचे 'श' आणि 'ल' आले तर पहिल्या दिवशी फळ्यावर दोन्ही रूपं शेजारी काढून दाखवा. तेवढ्याने काम भागतं. न दाखवल्यास कच्चं मूल 'ल'पाशी थांबतं आणि त्याचं कारण आपल्या लक्षातही येत नाही.

गट कशावर पाडायचे

बहुतेक ठिकाणी चाचणी एकच होते: मुलाला उतारा वाचायला द्यायचा, किती अडलं ते बघायचं, त्यावरून प्रारंभिक, अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट असे स्तर लावायचे. 'असर' या ग्रामीण भागातल्या शिक्षणाच्या पाहणीमुळे रुळलेले हे स्तर लिपी उलगडण्यापुरते उत्तम आहेत. समजण्याबद्दल ते फार थोडं सांगतात. गफ आणि टन्मर या संशोधकांनी १९८६ साली मांडलेलं साधं सूत्र इथे कामी येतं: वाचून समजणं म्हणजे लिपी उलगडणं गुणिले भाषा समजणं. बेरीज नव्हे, गुणाकार. एक बाजू शून्य असली की उत्तर शून्य, आणि कुठली बाजू शून्य आहे यावर उपाय ठरतो.

तेव्हा प्रत्येक मुलाची चाचणी दोन भागांत घ्या. पहिल्यात आठ-दहा वाक्यांची छोटी गोष्ट त्याला वाचायला द्या. अडलेल्या शब्दावर तिरकी रेघ, चुकलेल्यावर फुली, आणि त्याने आपणहून सुधारलं तर वर 'स्व' लिहा. जास्त 'स्व' असलेलं मूल अर्थावर लक्ष ठेवून वाचत असतं, हे लक्षात ठेवा. मग कागद उलटा करून 'काय झालं ते सांग' म्हणा आणि पाच गोष्टी आल्या का ते मोजा: कोण, कुठे, काय अडलं, काय केलं, शेवटी काय झालं. दुसऱ्या भागात तितकीच सोपी दुसरी गोष्ट तुम्ही वाचून दाखवा आणि तसंच सांगायला लावा. एका मुलाला पाच मिनिटं लागतात. ३० मुलांच्या वर्गाला अडीच तास. परिपाठानंतर रोज सहा मुलं घेतली तर पाच दिवसांत होतं. एका दिवसात उरकायला जाऊ नका. विसाव्या मुलापर्यंत आपलेच कान थकतात.

यातून चार कप्पे पडतात. वाचतं आणि समजतं. वाचत नाही पण ऐकून समजतं. वाचतं पण समजत नाही. दोन्ही नाही. तिसऱ्या कप्प्यातली मुलं सहसा सुटतात, कारण ती खडाखड वाचतात आणि मिनिटाला शब्द मोजले की पहिल्या रांगेत बसतात. निपुण भारत या केंद्र सरकारच्या पायाभूत साक्षरता अभियानाच्या उद्दिष्टात तिसरीअखेर मिनिटाला किमान ६० शब्द आहेत, पण 'अर्थ समजून' ही अट त्यात आहेच, आणि तीच तपासताना विसरली जाते. शिवाय मराठीत 'शेजारच्यांनासुद्धा' हा एकच शब्द आहे. शब्दगती दोन भाषांत किंवा दोन उताऱ्यांत तुलनेला घेताना हे ध्यानात हवं. दुसऱ्या कप्प्यातल्या मुलांचं दुःख उलटं आहे. ती गोष्टीवर सर्वांत चांगला प्रश्न विचारू शकतात, पण वाचता येत नाही म्हणून वर्षभर त्यांच्या वाट्याला 'कमल नमन कर' यापलीकडे काही येत नाही.

म्हणून गट दोन प्रकारचे हवेत. लिपीच्या सरावासाठी सारख्या पातळीची पाच-सहा मुलं एकत्र. चर्चेसाठी मात्र मिश्र गट, चार मुलांचा, आणि त्यात दुसऱ्या व तिसऱ्या कप्प्यातलं एकेक मूल मुद्दाम शेजारी. एक वाचतो, दुसरा 'थांब, असं का झालं?' विचारतो. दोघांनाही जे कमी आहे ते समोरच्याकडे असतं. गटांना चिंच, आवळा, कवठ अशी नावं द्या आणि गट बदलले की नावंही बदला, नाहीतर महिन्याभरात 'कवठवाले' म्हणजे कोण हे आख्ख्या शाळेला कळतं. दर सहा आठवड्यांनी चाचणीचा पहिला भाग पुन्हा घ्या. सहा आठवड्यांत एकही मूल हललं नाही, तर गोष्टींची निवड चुकली आहे किंवा सराव कमी पडतोय. दोन शिक्षकी शाळेत तिसरी-चौथी एकत्र बसत असेल तर हे गट इयत्ता ओलांडून पाडावेत. तिथे ते अधिक सहज होतं.

एका गोष्टीचे चार दिवस

दुसऱ्या पातळीची एक गोष्ट चार दिवस पुरते. तासिका ४० मिनिटांची धरा. पहिल्या दिवशी मुखपृष्ठ आणि चित्रं पाहून अंदाज, मग तुम्ही एकदा ओघात वाचून दाखवायचं. त्या दिवशी प्रश्न नाहीत. दुसऱ्या दिवशी सारख्या पातळीच्या गटांत वाचन. तुम्ही एकाच गटापाशी २० मिनिटं बसायचं. चार गट आणि पाच दिवस असतील तर कच्च्या गटाला आठवड्यात दोनदा पाळी येते. तिसऱ्या दिवशी मिश्र गटात चर्चा. चौथ्या दिवशी लिहिणं किंवा नाट्यीकरण.

एकेकाने एकेक ओळ पाळीने वाचायची जुनी पद्धत मात्र सोडून द्या. मूल आपली ओळ मोजून तीच घोकत बसतं, बाकी गोष्ट त्याच्या कानावरून जाते. त्यापेक्षा जोडीवाचन बरं: एकाने एक पान वाचायचं, दुसऱ्याने त्या पानावर काय झालं ते एका वाक्यात सांगायचं, मग अदलाबदल. तुम्ही दुसऱ्या गटापाशी असताना उरलेल्या तिन्ही गटांना हेच काम पुरतं. शिवाय एक जादा प्रत फाडून गोष्टीतल्या सहा वाक्यांच्या पट्ट्या करून ठेवा, क्रम लावायला. पट्ट्या कापताना 'मग', 'त्यानंतर' हे शब्द असलेली वाक्यं टाळा, नाहीतर मुलं अर्थ न बघता त्या शब्दांवरून क्रम लावतात.

वरच्या गटाला, म्हणजे तिसऱ्या पातळीच्या गोष्टी वाचणाऱ्यांना, पॅलिंक्सर आणि ब्राउन या संशोधकांनी १९८४ साली मांडलेली चार भूमिकांची पद्धत लावा. एक जण पुढे काय होईल त्याचा अंदाज सांगतो, एक प्रश्न विचारतो, एक अडलेला शब्द किंवा वाक्य सोडवतो, एक सारांश सांगतो. दर दोन पानांनी भूमिका बदलतात. सारांश सांगणारा हमखास शेवटचं वाक्यच पुन्हा वाचून दाखवतो. त्याला 'दहा शब्दांत सांग' अशी मर्यादा घाला, की निवड करावीच लागते.

प्रश्न तुम्हालाच लिहायचे आहेत

आकलनाचे प्रश्न प्रत्येक गोष्टीसोबत तयार मिळतील अशी अपेक्षा ठेवू नका. काही गोष्टींच्या शेवटी कृती किंवा माहिती असते, पण प्रश्नांची बांधणी शिक्षकाचीच. इथे नेमकं काय चुकतं ते एका छोट्या उताऱ्यावर पाहू.

'सकाळपासून आभाळ भरून आलं होतं. आजीनं अंगणातल्या मिरच्या गोळा करायला घेतल्या. "सोनू, गोठ्यातलं पोतं आण बरं," ती म्हणाली. सोनू धावला. तो परत आला तेव्हा आजी पदरात मिरच्या घेऊन ओसरीवर उभी होती. सोनूच्या हातातलं पोतं ठिबकत होतं.'

'आजीनं काय गोळा करायला घेतलं?' हा प्रश्न काहीही न समजलेलं मूलही सोडवतं. 'गोळा' शब्द शोधायचा आणि शेजारचा उचलायचा. आपल्या स्वाध्यायांत असे प्रश्न भरपूर असतात आणि मुलांना सगळे गुण पडतात. आता विचारा, 'पोतं का ठिबकत होतं?' उताऱ्यात पाऊस हा शब्दच नाही. भरून आलेलं आभाळ, गोळा केलेल्या मिरच्या, ओलं पोतं हे धागे जोडल्याशिवाय उत्तर येत नाही. त्याच्या पुढचा: 'आजीनं पोत्याची वाट न बघता मिरच्या पदरात का घेतल्या?' आणि आणखी एक: 'मिरच्या अंगणात कशाला होत्या?' शेवटच्या प्रश्नाचं उत्तर उताऱ्यात कुठेच नाही, ते वाळवणं पाहिलेल्या मुलाच्या डोक्यात आहे. मुंबईच्या चाळीतलं मूल इथे अडलं तर त्याचं वाचन कच्चं नाही, त्याला वाळवण माहीत नाही. दोन मिनिटं सांगितलं की पुढचे सगळे प्रश्न सुटतात. गोष्ट निवडताना, आपल्या मुलांना न माहीत असलेली एखादी गोष्ट तिच्या मुळाशी आहे का, एवढं आधी बघा.

एका गोष्टीला चार प्रश्न पुरे: एक शोधून सापडणारा, दोन धागे जोडायला लावणारे, एक 'तू काय केलं असतंस आणि का' असा. धागे जोडण्याच्या प्रत्येक उत्तरानंतर 'कुठल्या वाक्यावरून ठरवलंस? बोट ठेव' असं म्हणायचं. उत्तर चूक असलं तरी बोट ठेवायला लावा. चूक कुठल्या वाक्यापाशी झाली ते तेव्हाच दिसतं.

सचित्र गोष्टींचा एक सापळा आहे. स्टोरीवीव्हरची चित्रं सुंदर आहेत, आणि म्हणूनच पहिल्या पातळीत मुलं चित्र बघून उत्तर देतात. आपल्याला वाटतं वाचलं. आठवड्यातून एकदा चित्र कागदाने झाकून मजकूर वाचून घ्या, मग चित्र उघडून 'तुझ्या मनातलं चित्र असंच होतं का?' विचारा.

छपाई, भाषा आणि मर्यादा

वर्गासाठी मोबाइलपेक्षा कागद बरा. गट पडद्याभोवती बसला की फोन ज्याच्या हातात तोच वाचतो. आडवी पानं असलेल्या गोष्टी ए-फोर कागदावर एका बाजूला दोन, पाठपोट छापा. १२ पानांची गोष्ट तीन कागदांत बसते. काळ्या-पांढऱ्या छपाईत गडद चित्रावरचा मजकूर दिसेनासा होतो, म्हणून आधी सर्वांत गडद पान एकट्याने छापून बघा. पूर्ण पान रंगवलेल्या गोष्टी टोनर खातात. पांढरी पार्श्वभूमी असलेल्या गोष्टी निवडल्या तर झेरॉक्सही स्वच्छ येते. कडेला शिवलेल्या प्रती स्टेपल केलेल्यांपेक्षा जास्त टिकतात.

कोंकणी आणि कोरकूतही गोष्टी आहेत. गोव्यातल्या मराठी शाळेत किंवा मेळघाटात ही मोठी सोय आहे. घरच्या भाषेतली गोष्ट आधी ऐकवून मग तीच मराठीत वाचायला दिली, तर समजण्याचा भार हलका होतो आणि मूल लिपीकडे लक्ष देऊ शकतं.

अक्षरंही न येणाऱ्या मुलांसाठी यातलं स्वतः वाचण्याजोगं जवळपास काही नाही. त्यांना वेगळा अक्षरसराव लागेलच, आणि गोष्टी त्यांनी ऐकायच्या. चर्चेच्या गटात त्यांची जागा मात्र राखून ठेवा. माहितीपर पुस्तकं, विशेषतः विज्ञान आणि निसर्गाची, चौथीसाठी चांगली आहेत, पण त्यातल्या परिभाषेचे शब्द पाठ्यपुस्तकातल्या शब्दांशी जुळतात का ते पडताळून घ्या.

सुरुवातीला १२ गोष्टी पुरतात. पहिल्या पातळीच्या चार, दुसरीच्या पाच, तिसरीच्या तीन. सहा जणांच्या गटात दोघांत एक, म्हणजे प्रत्येकीच्या तीन प्रती. सरासरी १२, १६ आणि २० पानं धरली तर सगळे मिळून १४१ कागद होतात, पाचशेच्या रिमचा तिसरा हिस्साही नाही. प्रत्येक गोष्टीच्या मागच्या पानाला आपले चार प्रश्न आणि जड शब्दांची यादी लिहून ठेवा, पुढच्या वर्षी ज्या बाईंकडे किंवा गुरुजींकडे तो वर्ग जाईल त्यांना ती तयार मिळेल.